तीन रात्री, पण 'अ‍ॅडमिट' नाही

पुण्यात रात्रभर बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, बिलासाठी कोड करते, असं सांगितलं की लोक 'म्हणजे कॉल सेंटर' म्हणून मोकळे होतात. आम्ही कुणाशीच बोलत नाही. मोबाइल लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेनसुद्धा चालत नाही. माझ्या वाट्याला ऑब्झर्वेशनचे चार्ट येतात, म्हणजे वॉर्डात झोपलेले पण कागदोपत्री दाखल न झालेले पेशंट. आपल्याकडे मेडिक्लेमसाठी २४ तास भरावेत म्हणून नातेवाईकांची धडपड असते; तिकडे माणूस तीन रात्री खाटेवर काढूनही हिशेबात आउटपेशंटच राहतो.

तशाच एक आजी. (ओळख पटू नये म्हणून तपशील फिरवलेत.) वय ऐंशीच्या पुढे, स्वयंपाकघरात पडल्या, प्युबिक रॅमसचं, म्हणजे ओटीपोटाखालच्या हाडाचं, फ्रॅक्चर. ऑपरेशन नाही, दुखणं आवरायचं आणि हळूहळू चालवायचं.

ऑब्झर्वेशनचे तास जी०३७८ या कोडवर लागतात, तासाला एक युनिट. रविवारी रात्री ९:१० ची ऑर्डर, बुधवारी दुपारी ३:१० ला डिस्चार्ज; सिस्टिमने सरळ ६६ टाकले होते. सिस्टिम वजाबाकी करत नाही, ती आम्ही करतो. सोमवारी हिमोग्लोबिन उतरलं म्हणून रक्त चढवलं. त्या वेळात नर्स पेशंटवर लक्ष ठेवूनच असते, ते ऑब्झर्वेशन म्हणून पुन्हा मोजायचं नाही, म्हणून ते चार तास वजा. त्यांची सुरुवात-शेवट डॉक्टरांच्या नोटमध्ये कधीच सापडत नाही, नर्सच्या फ्लोशीटमध्ये, म्हणजे वेळेनुसार नोंदींच्या तक्त्यात, खणावी लागते. आणि नर्सेस वेळा लिहितात, डॉक्टर 'स्टेबल' लिहितात, हे माझं जुनं मत आहे. मंगळवारी सकाळी ११:१० ची नोट: प्रकृती स्थिर, पुढच्या जागेची वाट. तिथून पुढचे २८ तास उपचाराचे नव्हेत, नुसते थांबण्याचे. उरले ३४.

एवढं खणून पैशात फरक शून्य. आठ तास ओलांडले की मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा) सगळ्या मुक्कामाचं एकच ठोक पेमेंट देतं, मग ३४ असोत की ६६. आमच्या ऑडिटला मात्र ३५ चालले नसते.

फाइल बंद करताना केस मॅनेजरची नोट दिसली. आजींना चालायला शिकवण्यासाठी स्किल्ड नर्सिंगमध्ये, म्हणजे हॉस्पिटलनंतरच्या शुश्रूषा केंद्रात, पाठवायचं होतं. मेडिकेअर तिथले पहिले २० दिवस पूर्ण देतं, पण आधी सलग तीन दिवस इनपेशंट असाल तरच. कोविडमध्ये ही अट उठवली होती, मे २०२३ मध्ये परत आली. मुलीने विचारलं होतं, आई तीन रात्री तुमच्याकडेच होती ना?

मी चार्ट परत वरपासून वाचला. सोमवारी दुपारीच डॉक्टरांनी लिहिलंय की आजची रात्रही ठेवावं लागेल. २०१३ पासूनच्या दोन मध्यरात्रींच्या नियमाप्रमाणे (मुक्काम दोन मध्यरात्री ओलांडेल असं डॉक्टरांना वाटलं तर इनपेशंट) तिथे इनपेशंटची ऑर्डर बसत होती. कुणी लिहिली नाही, आणि डिस्चार्जनंतर मागच्या तारखेने ती लिहिता येत नाही. आमच्या टीम लीडला दाखवलं तर म्हणाला, "अगं, स्टेटस आपलं काम नाही. तास मोज आणि फाइल सोड." त्याचंही खरंच होतं. पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. सोमवारी ऑर्डर झाली असती तरी सोमवार आणि मंगळवार, दोनच दिवस भरले असते. रविवारची ऑब्झर्वेशनची रात्र त्या तिनात धरतच नाहीत. म्हणजे सोमवारी सगळ्यांनी नियम तंतोतंत पाळला असता, तरी आजींच्या हाती काही लागलं नसतं.

ऑब्झर्वेशन २४ तासांपुढे गेलं की ३६ तासांच्या आत पेशंटला 'मून' नावाची, तुम्ही इनपेशंट नाही असं सांगणारी, नोटीस द्यावी लागते. तीही चार्टमध्ये स्कॅन करून लावलेली होती. सोमवार संध्याकाळ, वेळ बरोबर, सही तिरकी होत रेघेखाली उतरलेली. इनपेशंट का नाही, याच्या रकान्यात 'पुढील निरीक्षणासाठी'. हे कारण झालं का? पण नियमाला रकाना भरलेला लागतो, तो भरला होता.

फेब्रुवारी २०२५ पासून अपिलाची नवी सोय आहे, पण ती आधी इनपेशंट करून मग ऑब्झर्वेशनवर उतरवलेल्यांसाठी. आजींना कुणी इनपेशंट केलंच नव्हतं. मुलीच्या प्रश्नाखाली केस मॅनेजरने 'नियम समजावून सांगितला' एवढंच लिहिलंय. कसा समजावला असेल, कोण जाणे. रोज त्यावर कोडिंग करणाऱ्या मला तो दोन वाक्यांत सांगता येत नाही.