दाढी, दमट हवा आणि तात्यांची मोटर

जर्मनीत घर भाड्यानं घेतलं की किल्ल्यांबरोबर घरमालकाचा एक उपदेश फुकट मिळतो: खिडक्या उघडत जा. पुष्कळदा तो करारातही छापलेला असतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ पडत असला तरी. याला इथं श्टोसल्युफ्टन म्हणतात. नाही केलं तर भिंतींना बुरशी धरते, आणि मग ती भाडेकरूमुळं आली की भिंतीतच दोष होता, यावरून प्रकरण वकिलापर्यंत जातं.

सांगलीच्या माणसाला हे सगळं उलटंच वाटतं. आयर्विन पुलाखाली कृष्णा फुगलेली असते त्या दिवसांत आपल्याकडं खिडकी उघडी राहिली की गाद्या, पापड, शेंगदाणे सगळं सादळतं. दमट हवा बाहेरून आत येते, हे आपलं शहाणपण. इथं हिवाळ्यात ओल आतूनच तयार होते: आंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, दोरीवरचे कपडे, आपले श्वास. शून्य अंशाची हवा कितीही ओली असली तरी घनमीटरमागं पाचेक ग्रॅमच पाणी धरू शकते, 20 अंशाची हवा 17 ग्रॅमपर्यंत. म्हणजे बाहेरची ती गारठलेली, धुक्यानं भरलेली हवा घरात येऊन तापली की तिची आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली येते. खिडकी उघडली की घर वाळतं. कागदावर हे पटतं, पण जानेवारीत सकाळी सहाला खिडकीच्या मुठीला हात घालताना पटत नाही.

माझा सेन्सरांचा नाद इथूनच सुरू झाला. ड्युसेलडॉर्फमधल्या या घराच्या बाथरूममध्ये वायफाय असलेल्या ईएसपी 32 या चिपचं एक बोर्ड आहे, काडेपेटीपेक्षा लहान. त्याला तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर. सगळा खर्च दहा युरोच्या आत. जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट चालतं, म्हणजे घरातले सेन्सर आणि दिवे एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. पाउलुस शाउटसन नावाच्या डच माणसानं 2013 साली ते सुरू केलं. फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे घरातच चालतं. आत किती ग्रॅम पाणी, बाहेर किती ग्रॅम, एवढा हिशोब ते करतं. बाहेरची हवा खरंच कोरडी असेल तरच पॅसेजमधला दिवा निळा होतो. खिडकी उघडली की तिच्यावरचा चुंबकाचा सेन्सर कळवतो आणि त्या खोलीतला हीटर बंद होतो. बंद केली की पुन्हा चालू.

हीटरचं थोडं सांगायला हवं. इथं खोल्या गरम पाण्याच्या रेडिएटरनं तापतात, आणि बहुतेक रेडिएटरच्या व्हॉल्व्हला एकाच मापाचे आटे असतात: 30 मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर. त्यामुळं घरमालकानं बसवलेला साधा थर्मोस्टॅट हातानं फिरवून काढायचा, आपला झिगबीवाला, म्हणजे घरातल्या घरात बिनतारी बोलणारा, लावायचा, घर सोडताना परत पहिला बसवायचा. भिंतीला भोक नाही, मालकाला पत्र नाही. भाड्याच्या घरात एवढंच करावं. भिंतीतल्या वायरिंगला इथं परवानाधारक इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आट्यांचं कौतुक एवढ्यासाठी, की याच्या नेमकं उलट वागणाऱ्या वस्तू बाजारात ढिगानं आहेत. एका कंपनीचे वायफाय बल्ब मी सुरुवातीला घेतले होते. वर्षभरानं ॲप बदललं, नवं खातं काढा म्हणालं, आणि त्यांचा सर्व्हर झोपला की माझ्या खोलीत अंधार. बल्ब माझा, वीज माझी, आणि परवानगी कुठल्यातरी तिसऱ्या देशातून. ते बल्ब मी वाटून टाकले. आता माझा एकच नियम आहे: इंटरनेटची वायर उपटली तरी घर चाललं पाहिजे.

दाढीच्या बाबतीतही मी त्याच वाटेनं गेलो. इथल्या दुकानात पाच पात्यांचं काट्रिज असतं, ते बऱ्याचदा कुलपातल्या कपाटात, कारण चोरीला जातं. चार काट्रिजना पंधरा युरो सहज मोजावे लागतात आणि ती त्याच कंपनीच्या दांड्याला बसतात. शेजारीच, अगदी खालच्या फळीवर, दुधारी ब्लेडचं दहाचं पाकीट एक-दोन युरोला पडलेलं असतं. जिलेट कंपनी काढणाऱ्या किंग जिलेटला ज्या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं, त्याचेच हे वंशज. मधल्या काळात भोकांचा आकार थोडा बदलला, पण आज कुणाचंही ब्लेड कुणाच्याही रेझरला बसतं. जपानी फेदर, तुर्की डर्बी, आपलं सुपरमॅक्स, काहीही आणा.

ड्युसेलडॉर्फहून लोकल गाडीनं अर्ध्या तासात सोलिंगन येतं. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांचं गाव. या गावाचं नाव 1938 पासून कायद्यानं राखलेलं आहे. पातं त्याच भागात घडलं असेल तरच त्यावर सोलिंगन कोरता येतं. आपल्या सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन 2018 साली मिळालं, तेव्हा घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. इथले लोक त्यांच्या सुरीबद्दल तसेच हळवे आहेत. माझा मेर्कुर कंपनीचा रेझर तिथलाच. तीन-साडेतीन हजार रुपयांना पडला, म्हणजे स्वस्त नाही, पण हा खर्च एकदाच. ज्याला पैसे घालवायचे नाहीत त्यानं सांगलीतल्या कुठल्याही जनरल स्टोअरमधला साधा रेझर घ्यावा. पार्कर नावाचे भारतात बनणारे रेझर इकडचे हौशी लोक मागवून घेतात, तेही उत्तम.

हौशी लोक म्हटलं, कारण इकडं हा खरोखर छंद आहे. लोक बिज्जूच्या, म्हणजे बॅजर या प्राण्याच्या, केसांचे ब्रश जमवतात, साबणाचे वास जमवतात, फेस कसा झाला याचे फोटो काढतात. मला त्यातलं निम्मं थोतांड वाटतं. नायलॉनचा साधा ब्रश बिज्जूपेक्षा लवकर वाळतो, आणि दीड युरोची साबणाची कांडी तीस युरोच्या डबीइतकाच फेस देते. खरा फरक पाण्यानं पडतो. इथलं पाणी जड आहे, किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे आईला विचारा, ती आठवडाभर बोलेल. तेच इथं. म्हणून साबण जरा जास्त घ्यायचा आणि पाणी थेंबाथेंबानं वाढवायचं. फेस चकचकीत झाला, ब्रश उचलल्यावर त्याचं टोक वाकलं, की झालं. रेझर गालाशी साधारण 30 अंशात धरायचा आणि दाबायचं अजिबात नाही. धातूच्या दांड्याचं वजन असतं तेवढं पुरतं. काट्रिजनं लागलेली दाबायची सवय जायला वेळ लागतो. माझे केस कुरळे, हनुवटीखाली ते आतल्या आत वाढून पुटकुळ्या यायच्या. एका पात्यावर आल्यापासून त्या गेल्या.

तुरटी मात्र सांगलीहूनच येते. इथं ती सुबक वडी करून पाच-सहा युरोला विकतात. गणपती पेठेत तेवढ्या पैशात किलोभर खडे मिळतील. ब्लेडही मी तिथूनच आणतो, मोठ्या बॅगेत घालून. सुटी ब्लेड विमानात हातातल्या सामानात चालत नाहीत. आणि सुट्टीवर आलो की कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये एकदा तरी बसतो. ब्लेड कागदात असतानाच मधोमध दुमडून कट्ट करून मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी कागदात परत. हे सलूनवाल्यांचे हात ज्या सहजतेनं करतात ते सोलिंगनच्या संग्रहालयात ठेवण्यासारखं आहे. मी जर्मनीत दाढीचं सामान जमवतो हे ऐकून ते म्हणाले, "मग आमच्याकडं कशाला येता?" उत्तर सुचेपर्यंत त्यांनी मान वळवली होती.

गेल्या सुट्टीत आईनं टाकीचं काम सांगितलं. नळाचं पाणी खालच्या हौदात येतं, तिथून एक एचपीची मोटर वर चढवते, आणि मोटर बंद करायची आठवण शेजारच्या काकूंना आमच्या गच्चीतून धो धो पाणी पडायला लागल्यावर येते. मी उत्साहानं अल्ट्रासॉनिक सेन्सरचा, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याची पातळी मोजायचा, बेत मांडला. तात्या, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, भिलवडीकडं ऊस आणि थोडी द्राक्षं करतात. ते ऐकत होते. म्हणाले, "टाकीत वाफ धरती, त्या डोळ्यावर थेंब बसला की काय दिसणार त्याला? फ्लोट लाव."

फ्लोट लावला. चिप त्याचं ऐकते, आणि हौद रिकामा असेल तर मोटर सुरूच होऊ देत नाही. बोर्डावरच्या निळ्या रिलेवर, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचवर, 10 अँपिअर लिहिलेलं असतं, पण त्यावर थेट मोटर घालू नये. सुरू होताना मोटर काही पट करंट ओढते आणि रिलेचे पॉइंट चिकटून बसतात. म्हणून रिले कॉन्टॅक्टरला, म्हणजे जास्त करंट झेलणाऱ्या मोठ्या स्विचला, चालवतो, कॉन्टॅक्टर मोटरला. हे जोडायला तात्यांच्या ओळखीचा वायरमन संध्याकाळी आला आणि चहा-पोहे खाऊन चाललेलं दाखवून गेला. जर्मनीत त्याची वेळ मिळायला महिना गेला असता. सगळा हिशोब चिपच्या आतच होतो, वायफाय नसलं तरी. आईची अट एकच होती: "भिंतीवरचं बटण दाबलं की मोटर चालू झाली पाहिजे. बाकी काय करायचं ते तू कर." जुनं बटण समांतर ठेवलं. घरातल्या ऑटोमेशनबद्दल मी जे काही वाचलं, त्यात याच्यापेक्षा शहाणं वाक्य मला सापडलं नाही.

खरी गंमत तात्यांच्या मोटरची. विहिरीवर त्यांच्या स्टार्टरशेजारी सिमकार्डाची पेटी आहे, जुनीच. घरून फोन लावायचा, नंबर दाबायचा, मोटर सुरू. एखादा फेज गेला तर पेटीच फोन करून मराठीत सांगते, पाणी तुटलं तर मोटर बंद करते. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी रात्री दोनला. उसात साप, कुठं बिबट्याची चर्चा, अशा अंधारात बांधावरून जाणं त्या पेटीनं वाचवलं. मी घरच्या टाकीला लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होणार नाही असं मुद्दाम केलं, कारण घरात माणूस असतो. तात्यांचा ऑटो नेमका उलटा: लाईट आली की थोडा वेळ थांबून मोटर सुरू, कारण लाईट वाया घालवणं परवडत नाही. दोन्ही बरोबर. माझ्या जर्मन सहकाऱ्याला मी ती पेटी व्हिडिओवर दाखवली. त्याच्या घरी हजार युरोची सिस्टिम आहे, ती मुख्यतः पडदे वरखाली करते. तो बराच वेळ त्या पेटीकडं बघत बसला.

आता तात्यांना ठिबकचे व्हॉल्व्ह घरून फिरवायचे आहेत. शेत गावापासून लांब, वायफाय पोचणार नाही, म्हणून लोरा, म्हणजे थोड्या विजेवर लांब पोचणारा रेडिओ, वापरायचं ठरवतोय. युरोपात त्याला 868 मेगाहर्ट्‌झचा पट्टा आहे, भारतात 865 ते 868 विनापरवाना खुला, त्यामुळं इथलं बोर्ड सेटिंग बदलून तिथं चालतं. दोन बोर्ड आलीत, टेबलावर एकमेकांशी बोलतायत. परवा व्हिडिओ कॉलवर तात्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुढं सरकवून नीट पाहिलं, बॅटरी किती दिवस जाईल ते विचारलं, आणि मग म्हणाले, "ते समदं ठीक हाय. उंदरानं वायर खाल्ली तर सांगतंय का?"

बसलोय त्यावर.