उभं कुठं राहायचं

फोटोग्राफी शिकायचीय म्हंटलं की पहिला प्रश्न येतो कॅमेरा कुठला घेऊ, मग लेन्स कुठली, मग क्लास कुठं लावू, आणि या सगळ्यात उभं कुठं राहू हे कुणी विचारतच नाही. मला विचाराल तर निम्मी फोटोग्राफी तिथंच आहे. क्लास, यूट्यूबवरच्या टिप्स, प्रदर्शनं यातून गेल्या काही वर्षांत जे काही गोळा केलं ते शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी क्लासबद्दल. इथं सोलापुरातल्याच एका स्टुडिओवाल्या सरांकडं रविवारचा क्लास लावला होता. अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) हे तिघं एकमेकांना कसे बांधलेले असतात ते सर अगदी हाताला धरून शिकवायचे. शटर 1/250 सेकंदावरून 1/500 केलं की उजेड निम्मा, मग तो भरून काढायला अपर्चर एफ 8 वरून 5.6 वर आणायचं (आकडा लहान म्हणजे भोक मोठं), झालं, हिशोब जुळला. पुस्तकात वाचून हे डोक्यात बसत नाही, कुणीतरी समोर बसून दहा वेळा करून घेतलं की बोटंच ते शिकतात. आणि फिल्मच्या काळातला एक नियम सरांनी दिला तो तर सोलापूरसाठीच केल्यासारखा आहे. भर उन्हात एफ 16 ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ 100 असेल तर 1/100 किंवा 1/125. आपल्याकडं उन्हाळ्यात बहुतेक दिवस आकाश मोकळं असतं, मग उजेड मोजणारं मीटर न बघता सुद्धा एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, बरोबर येतं.

पण एक्सपोजर खऱ्या अर्थानं कळलं ते गड्डा यात्रेत, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत. कॅमेऱ्याचं मीटर काय करतं, समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे असं धरून चालतं. आणि नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीत समोर काय असतं? पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा), पांढरं धोतर, जिकडं बघाल तिकडं पांढरंच. कॅमेरा त्या सगळ्या पांढऱ्याला ओढून करडं करतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरपेक्षा उजेड कमीजास्त करायची सोय, प्लस एकवर न्यायचं, कधी कधी दीडवर, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला टेकेल पण कापला जाणार नाही इतपत. मग बाराबंदी पांढरी दिसते आणि तिच्या चुण्या सुद्धा दिसतात. जगभरचे कोर्सवाले हे शिकवायला बर्फाचे फोटो दाखवतात, आपल्याला कशाला पाहिजे बर्फ, सिद्धरामेश्वरांची यात्रा आहे की.

आता यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न. ते जिथं लागतं त्या संमती कट्ट्याभोवती मुंगीला शिरायला जागा नसते, सातही नंदीध्वज येऊन थांबलेले असतात, मंगलाष्टक सुरू होतं आणि "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हंटलं की चारी बाजूंनी अक्षता उडतात. हवेतला तांदळाचा दाणा न् दाणा पकडायचा तर शटर 1/1000 च्या आसपास पाहिजे, हे कुठलाही व्हिडिओ सांगेल. पण सूर्य तुमच्या पाठीमागं असेल तर पांढऱ्या कपड्यांवर पांढरा तांदूळ दिसणारच नाही, शटर कितीही ठेवा. सूर्य समोरून, थोडा तिरका पाहिजे आणि दाण्यांच्या मागं काहीतरी गडद, झाडाची सावली म्हणा, इमारतीची अंधारी बाजू म्हणा. तेव्हा प्रत्येक दाणा पेटल्यासारखा चमकतो. आणि ही जागा सोहळ्याच्या वेळी जाऊन मिळत नाही, आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन ऊन कुठून येतं ते बघून ठेवावं लागतं, मग दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन ती धरून बसायचं.

टिप्सबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रूल ऑफ थर्ड्स, लीडिंग लाइन्स, असे फोटोच्या मांडणीचे नियम, हे सगळं एका दुपारी बघून होतं, त्यावर फार वेळ घालवू नये. आणि दुपारच्या उन्हात फोटो काढू नका ही टिप तर आपल्याकडं निम्मीच खरी आहे. भुईकोट किल्ल्याच्या तटाचा फोटो काढायचा असेल तर हो, सकाळीच जा, ऊन तिरपं असतं तोवर एकेक दगड उठून दिसतो, नंतर सगळं सपाट. पण शहराच्या पूर्व भागात, विणकर-विडी कामगारांच्या वस्तीत, दुपारी बाराला एखाद्या गल्लीतून चाला. घराघराच्या उंबऱ्याशी बायका विड्या वळत बसलेल्या असतात. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, ते समोरच्या चुन्याच्या भिंतीवर आणि जमिनीवर आपटून दारातून आत येतं तेव्हा इतकं मऊ झालेलं असतं की स्टुडिओत हजारो रुपयांचे सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारे दिवे) लावून तसा उजेड येत नाही. फक्त आपण बाहेर उन्हात उभं राहून आत कॅमेरा रोखायचा नाही. परवानगी घेऊन आत जायचं, दाराच्या बाजूच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसायचं, म्हणजे उजेड चेहऱ्याच्या एका बाजूनं येतो आणि आपण त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला असतो.

अशाच एका अक्कांचे फोटो काढत होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं तेंदूचं पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं, हे सगळं न बघता, शेजारणीशी तेलुगूत गप्पा मारत. त्या मला म्हणाल्या, "तोंडाचा काय काढतीस गं, हाताचा काढ की, काम तर हातच करायलेत." त्यानंतरचे सगळे फोटो हातांचे आहेत. नखाच्या कडेला तंबाखूचा तपकिरी रंग कायमचा बसलाय, अंगठ्याच्या पेरावर दोऱ्याची रेघ पडलीय. इतकी चांगली टिप मला कुठल्या कोर्समध्ये मिळालेली नाही, मनापासून सांगते.

प्रदर्शनं मात्र सोडायची नाहीत. त्यासाठी बाहेर जावं लागतं हे खरंय, पण आपल्याला गाड्या सोयीच्या आहेत. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली की पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात निवांत बघून संध्याकाळी परत. मुंबईला जायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटीला उतरून चहा-नाष्टा करून चालत काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरी उघडेपर्यंत आपण दारात हजर. तिथं जायला तिकीट नाही. वर टेरेस गॅलरीत फोटोंची प्रदर्शनं लागतात, आणि नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात पिरामल गॅलरी तर फोटोग्राफीसाठीच आहे.

मोबाईलवर हजार फोटो बघणं आणि भिंतीवरची एक मोठी प्रिंट बघणं यात खूप फरक आहे. मोबाईलवर अंगठा थांबत नाही. प्रिंटपुढं पाय थांबतात. मी आधी सगळं भराभर फिरून घेते, मग ज्या फोटोनं मागं वळायला लावलं त्याच्याकडं परत जाते आणि उजेड कुठून आलाय, कॅमेरा किती उंचीवर होता, कडेला काय ठेवलंय आणि काय कापलंय ते बघत राहते. हे बघितलं की तो फोटोग्राफर नेमका कुठं उभा होता ते डोळ्यांपुढं येतं. सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघा. ज्या कामाकडं सगळं शहर नाक दाबून पाठ फिरवतं तिथं हा माणूस कामगारांच्या शेजारी, त्यांच्या उंचीला कॅमेरा धरून उभा आहे, वर्षानुवर्षं. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि होमाई व्यारावाला. जन्म 1913 चा, शिक्षण मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून हातात तो स्पीड ग्राफिक नावाचा अवजड कॅमेरा घेऊन त्या पुरुषांच्या गर्दीत शिरायच्या. त्या कॅमेऱ्याला आपल्यासारखं झूम नाही, जवळचा फोटो पाहिजे तर स्वतः चालत जवळ जायचं. गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंची अंत्ययात्रा, दोन्ही त्यांनी टिपल्यात. गड्ड्याच्या गर्दीत कुणी "बाई, जरा बाजूला व्हा" म्हंटलं की मला त्या आठवतात आणि मी जागा सोडत नाही.

सध्या माझा विषय आहे यंत्रमाग. ओळखीच्या एका काकांचा चादरीचा कारखाना आहे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, तिथं जाते. आत गेलं की कानाला दडे बसतात, बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. वर जेकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत असते आणि खाली चादरीत मोर उमटत असतो. धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा तुकडा, थांबलेला दाखवायचा तर शटर 1/500 च्या पुढं पाहिजे, आणि 1/30 ला काढला तर धोटा नाहीसा होऊन नुसती पांढरी रेघ येते, मला ती रेघच जास्त आवडते कारण तिथं उभं राहिल्यावर डोळ्याला तसंच दिसतं. पण अडचण उजेडाची. आपली वीज 50 हर्ट्झची, जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मिचमिचतात, म्हणून वेगानं काढलेल्या फोटोत काळपट पट्टे येतात. ट्यूबखाली 1/50 नाहीतर 1/100 ठेवलं की पट्टे जातात. म्हणून वेगाचे फोटो दाराजवळच्या मागावर, जिथं बाहेरचा उजेड येतो, आणि आतल्या मागांवर सावकाश शटरचे, अशी वाटणीच करून टाकलीय. आणखी एक, आत लेन्स बदलू नका, सुताचे बारीक तंतू सतत उडत असतात, ते सेन्सरवर जाऊन बसतात. एकच लेन्स, 50 मिमीची, आणि बाकी झूम पायांनी.

यातले निवडक फोटो 12 बाय 18 ला छापून घ्यायचेत आणि पहिलं प्रदर्शन त्याच कारखान्यात, मागांच्या समोरच्या भिंतीवर लावायचंय, म्हणजे ज्यांचे फोटो आहेत ते आधी बघतील. काकांना विचारलं तर ते लगेच हो म्हणाले, फक्त बीम, म्हणजे उभ्या सुताचा मोठा रूळ, मागावर चढवायच्या दिवशी नको म्हणाले, त्या दिवशी आत उभं राहायलाच जागा नसते.