दुपारची एसटी

आजींची एसटी साताऱ्यात साडेबाराला पोचायची. त्यामुळे नऊ वर्षं त्या माझ्याकडे दुपारच्याच ओपीडीला आल्या. दर वेळी डोळ्याचं प्रेशर ठीक, नंबर ठीक, अन् मी "सहा महिन्यांनी या" लिहून मोकळा.

या वेळी उठता उठता म्हणाल्या, "सकाळी उजव्या डोळ्यापुढं धुरकट असतं बघा. जेवणापर्यंत निवळतं."

मी त्यांना पुन्हा बसवलं. रात्री डोळा मिटलेला, बुबुळातलं पाणी उडून जात नाही; दिवसा जातं. ते पाणी उपसून बाहेर टाकायचं काम कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या थरातल्या पेशींचं. एकदा मेल्या की त्या पुन्हा तयार होत नाहीत, उरलेल्या पसरून जागा भरून काढतात. तेही किती दिवस पुरणार?

त्या रात्री भाचीकडे राहायला लावलं. सकाळी सातला स्लिट लॅम्पवर, डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, बघतो तर कॉर्निया सुजलेला, आत सुरकुत्या. जाडी ६८० मायक्रॉन, डाव्याची ५४०. डाव्या डोळ्यात दर चौरस मिलिमीटरला २,२०० पेशी निघाल्या. उजव्याचं चित्र मशीनला घेताच येईना.

जुनी फाइल काढली. अक्षर माझंच. अँगल क्लोजरचा झटका, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याची वाट अचानक बंद; प्रेशर ५६, कॉर्निया गढूळ. पाण्याला वाट म्हणून आयरिसला, कॉर्नियामागच्या रंगीत पडद्याला, भोक पाडायला यॅग लेसर; पहिल्या दिवशी आरपार गेलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा, ऊर्जा वाढवून. आपल्याकडच्या जाड तपकिरी आयरिसचा हा त्रास असतोच. डाव्या, शांत डोळ्याचं काम एका बैठकीत झालं होतं. जपानमध्ये आर्गन लेसरनंतर कित्येक वर्षांनी बुबुळं सुजल्याचं मी वाचलं होतं. पण ते आर्गनचं, आपलं यॅग, असं म्हणून सोडून दिलं होतं. उजव्यातल्या किती पेशी झटक्यानं खाल्ल्या आणि किती माझ्या शॉट्सनी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मोजणीचा कागद फाइलमध्ये नव्हताच.

"म्हणजे तेव्हा लेसर करायला नको होता?"

"आजी, तेव्हा केला नसता तर डोळाच गेला असता. पण नंतर पेशी मोजायच्या राहिल्या. ते माझ्याकडून राहिलं."

त्यांनी चष्मा पदराला पुसला. "मग आता काय करायचं ते बोला."

जास्त मिठाच्या सलाइनचे थेंब दिले, पण ते तात्पुरते. पुण्याला पाठवलं. तिथं नेत्रदानातून आलेला आतला पातळ थर बसवला, तो चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला, आणि आजी छताकडे तोंड करून उताण्या पडून राहिल्या.

दीड महिन्यानं आल्या त्या पहाटेच्या गाडीनं. दवाखान्याचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं.