तात्यांचा सकर

उजनी धरण वजामध्ये गेलं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलं, की मासा खोलगटात गोळा होतो, म्हणून बाहेरच्यांना वाटतं उन्हाळ्यात आमची चंगळ. चंगळ कसली! काठ लांब जातो, होडी चिखलातून ओढावी लागते, आणि वडापवाले, म्हणजे बारीक घरांचं जाळं ओढणारे, रात्रीतून बोटाएवढी पिल्लंसुद्धा खरवडून नेतात. त्यांना कुणी हात लावत नाही, ते जाऊ द्या.

त्या पहाटे पळसदेवच्या बाजूला जाळं उचलत होतो. वल्ह्यावर तात्या, म्हणजे माझे चुलते. जाळं जड लागलं तसं ते म्हणाले, "कटला हाय." मला शंका होती. कटला धडका देतो, हे नुसतंच जड येत होतं. वर आला सकर, म्हणजे सकरमाऊथ कॅटफिश. त्यामागं आणखी, आणखी. चिलापी कमी, सकरच जास्त.

चिलापी जाळ्यातून एका झटक्यात निघते. सकरच्या अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, आणि पाठीवरचा नि गालामागचे दोन्ही काटे तो ताठ करून धरतो. मागं ओढावा तर तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, पट्ट्यांत अडकतो, पुढं ढकलावा तर काटे आडवे. शेवटी जाळ्याचं एकेक घर ब्लेडनं कापायचं. एका माशामागं पाच-सात घरं गेली की तेवढ्या भोकातून उद्याची चिलापी आरामात निघून जाणार. एवढं करून गडी मरतही नाही, होडीच्या तळाशी तासभर हलत राहतो.

मी पोत्यात भरत होतो. तात्यांनी एक उचलला आणि पाण्यात सोडला.

"तात्या, उद्या परत हाच यायचा जाळ्यात."

"खायचा न्हाय, इकायचा न्हाय, मग मारायचा कशाला?"

मी सांगत बसलो. हा दक्षिण अमेरिकेतला. काचेच्या पेटीतलं शेवाळ खातो म्हणून हौशी लोक आणतात आणि हातभर झाला की नदीत सोडून पुण्य कमावतात. पुण्याच्या मुळा-मुठा शेवटी भीमेतून आमच्याकडंच येतात. हा काठात बिळं करून अंडी घालतो, नर राखण करतो.

तात्यांनी वल्हं थांबवलं. "चिलापी तरी कुठं आपली? ती आली तवा आमचा बा असाच वरडायचा. आता तिच्यावरच चूल पेटती."

हे मला अजून सुटलेलं नाही. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली, हे खरंच. पण तिला गिऱ्हाईक मिळालं. सकरचं मुंडकं आणि चिलखत काढलं तर हातात राहतं काय? भिगवणच्या आडतीवर पाटीत एक सकर निघाला, तर व्यापाऱ्यानं अख्खी पाटी बाजूला सारली. एका साहेबांना फोन केला, तर म्हणाले फोटो पाठवा. पाठवले. निळ्या टिका आल्या, साहेब काही आले नाहीत.

होडी दोघांची, जाळं निम्मं-निम्मं. सध्या तात्यांच्या जाळ्यातला सकर तात्या सोडतात, माझ्यातला मी काठावर खड्ड्यात पुरतो. फाटलेलं जाळं मात्र दोघांचंही मलाच शिवावं लागतं. तात्यांना आता सुई दिसत नाही.