पाच हजारांत युकुलेले: मी, सासूबाई आणि पहिला पडदा

दिवाळीच्या बोनसमधून फ्रिजचा हप्ता, लेकीच्या क्लासची फी आणि कुलदैवताचा अभिषेक वजा जाता माझ्यासाठी म्हणून पाच हजार उरले. घरात सगळ्यांचं मत साडीला. मी म्हटलं, वाद्य घेणार. कॉलेजात असताना भावाची गिटार सहा महिने हाताळली होती. बोटांची सालपटं निघाली आणि करंगळी काही पोहोचायची तिथे पोहोचली नाही, म्हणून सोडली. युकुलेले म्हणजे जणू छोटी गिटार. तारा चारच, त्याही नायलॉनच्या, मानही आखूड. दिवसभर टॅलीत व्हाउचर चढवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला एवढं झेपेल असा हिशोब.

पहिली माती तीन दिवसांतच खाल्ली. ऑनलाइन तेराशे रुपयांत आकाशी रंगाचं एक दिसलं. सोबत पिशवी, जादा तारा आणि गळ्यात अडकवायचा पट्टा. एवढं सगळं तेराशेत देतात म्हणजे वाद्याला किती उरले असतील, हा साधा विचार अकाउंट्समध्ये वीस वर्षं काढूनही मला सुचला नाही.

ते आलं. फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपवर चारही तारा लावल्या. मोकळ्या तारा छान वाजल्या. मग पहिल्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे) बोट ठेवलं आणि काहीतरी खटकलं. काय ते मला सांगता येईना. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, चढतंय ते."

सासूबाई चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्या पेटी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. मागच्याच वर्षी पेटीचे सूर लावून घेतले होते, त्यामुळे तिच्यावर त्यांचा विश्वास. "तुझ्या तारा कुठल्या सुरात आहेत?" मी म्हटलं, जी, सी, ई, ए. "इंग्रजी नको, वाजव." वाजवल्या. त्यांनी पेटीवर शोधलं आणि हसल्याच. पांढरी एक, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी, सा धरली तर वरून खाली प, सा, ग, ध! आणि गंमत म्हणजे सगळ्यात वरची प ची तार खर्जातली नाही, मध्य सप्तकातलीच आहे, म्हणजे सा आणि ग या दोन्हींपेक्षा उंच. गिटारसारखी जाडीकडून बारीककडे अशी उतरंड इथे नाही. युकुलेलेचा तो खळखळता आवाज येतो तो बराचसा या उंच प मुळे.

मग सा च्या तारेवर मी पहिला पडदा दाबला. तो काळी एक यायला हवा होता. त्यांनी पेटीवर काळी एक दाबून धरली. दोन्ही सूर एकमेकांना घासत होते, कानात मधमाशी अडकल्यासारखे. ट्यूनरचा काटाही पार उजवीकडे, म्हणजे सूर हवा त्यापेक्षा चढलेला. पाचव्या-सातव्या पडद्यावर मात्र एवढं वाईट नव्हतं.

कारण मागाहून कळलं. मानेच्या टोकाला जी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात, तिला दुकानात नट म्हणतात. स्वस्त वाद्यांत या खाचा बऱ्याचदा पुरेशा खोल कापलेल्याच नसतात. तार पडद्यापासून उंच राहते, बोटाने दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. नटच्या अगदी जवळ, म्हणजे पहिल्या पडद्यावर, हे सगळ्यात जास्त जाणवतं. आणि नवशिक्याचं सगळं आयुष्य पहिल्या तीन पडद्यांतच जातं! शिवाय या आकाशी वाद्याच्या खुंट्या दात्याच्या नव्हत्या, नुसत्या घर्षणावर अडकून राहणाऱ्या. सोडलं की सुर्रकन मागे फिरायच्या. परत पाठवलं. पैसे पूर्ण मिळाले, एवढं नशीब.

या काळात वाचन मात्र पुष्कळ झालं. 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजुरांना घेऊन एक जहाज होनोलुलूला पोहोचलं. त्यात काही सुतारही होते. त्यांच्याकडच्या छोट्या तंतुवाद्यावरून हवाई बेटांवर हे वाद्य घडलं. तिथल्या भाषेत उकु म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणं. हे मी जेवताना उत्साहाने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पिसू? बरं आहे, कुत्रा नाही तर नाही."

आकाराचा प्रश्न मी लांबड न लावता सोडवला. सोप्रानो सगळ्यात लहान, साधारण 21 इंच. कॉन्सर्ट 23, टेनर 26. बॅरिटोन त्याहून मोठा आणि त्याच्या तारा वेगळ्या सुरात लावतात, म्हणून तो बाद. सोप्रानोवर माझी बोटं एकमेकांच्या पायावर पाय देत होती. टेनर बजेटमध्ये बसेना. कॉन्सर्टवर घोडीपासून (तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती पट्टी) नटपर्यंत तारेची लांबी 15 इंचांच्या आसपास असते, पडद्यांत बोट मावतं. ठरलं.

आता दुकान. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. रविवार सोडून रजेचा दिवस धरला. आम्ही पुण्यात. वनाझहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई. गाडी काढली असती तर पार्किंग शोधण्यातच कान किटले असते, मग सूर कसले ऐकणार? तिथून चालत आम्ही दोन-तीन वाद्यांची दुकानं फिरलो. एका दुकानात माझ्या बजेटच्या आसपासची तीन कॉन्सर्ट युकुलेले टांगलेली होती: 2,800, 3,900 आणि 5,500. शेवटचं बजेटबाहेरचंच होतं, पण बघायला काय जातं.

विकणारा मुलगा पंचविशीतला, बोलघेवडा. 5,500 वालं काढून म्हणाला, "मॅडम, हे कोआ फिनिश." कोआ हे हवाईतलं झाड, खरं कोआ लाकूड महाग. फिनिश म्हणजे वरून तसं दिसणं. मी विचारलं, सॉलिड, म्हणजे अखंड लाकूड, की लॅमिनेट? "लॅमिनेटच, या रेंजमध्ये सगळे लॅमिनेट." हे तो प्रामाणिकपणे बोलला, त्यामुळे पुढच्या बोलण्यावरही विश्वास बसला. एरवी सॉलिड लाकडाचा आवाज खुलतो हे खरं. पण जुलैत आमच्याकडे पापड मऊ पडतात आणि एप्रिलमध्ये दारांना फटी पडतात. पहिल्या वाद्याला अशा हवेत जपत बसायचं, तर वाजवायचं कधी? थर चिकटवलेलं लॅमिनेट या चढउतारात बरंच तग धरतं. मला त्याचा कमीपणा वाटला नाही.

मी पर्समधून चार प्लॅस्टिकची कार्डं काढली: एटीएम, पॅन, मेट्रो आणि एका चपलांच्या दुकानाचं. मुलाला वाटलं पैसे देतेय. पण ही माझी मोजपट्टी होती. बँकेचं कार्ड पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडंसंच जाड असतं, बाकीचीही तेवढ्याच जाडीची. बाराव्या पडद्याच्या वर, तारेखाली तीन कार्डं सरकली पाहिजेत आणि चार अडली पाहिजेत. म्हणजे उंची सव्वादोन ते तीन मिलिमीटरच्या आत. 2,800 वाल्यात चार सहज गेली, वर जागा उरली. शिवाय मानेच्या कडेवरून हात फिरवला तर पडद्यांची टोकं करवतीसारखी लागली. ते परत खुंटीला.

5,500 वालं दिसायला देखणं. कार्डं बरोबर. मुलाने ट्यूनरवर लावून दिलं. मी बाराव्या पडद्यावर दाबून वाजवलं. तिथे मोकळ्या तारेचाच सूर, एक सप्तक वर, यायला हवा. सासूबाई स्टुलावर डोळे मिटून बसल्या होत्या. प ठीक, सा ठीक, ग ठीक. ध वाजवला आणि त्यांची भुवई वर गेली. "चढा." मुलगा म्हणाला, "आजी, नवीन तारा असतात, ताणल्या की बसतात." सासूबाई म्हणाल्या, "बाळ, मोकळी तार उतरली तर मोकळीच उतरेल ना? ही मोकळी बरोबर आहे आणि दाबली की चढतेय." त्याने क्लिप ट्यूनर लावून पाहिलं. काटा उजवीकडे. मग काही बोलला नाही, आतून आमच्यासाठी पाणी घेऊन आला.

3,900 वाल्यात बाराव्या पडद्यावर चारही तारा जागच्या जागी. पडद्यांच्या कडा गुळगुळीत, खुंट्या दात्याच्या. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेक करून वाजवला, कुठेच भणभण नाही. यात दहा मिनिटं गेली आणि मागे तबला घ्यायला आलेले एक गृहस्थ खाकरत राहिले. मला घाई नव्हती. फक्त पहिल्या पडद्यावर थोडंसं चढत होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मधे तार दाबून पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते पाहिलं. कागद जेमतेम जाईल एवढीच हवी, इथे जास्त होती.

म्हणजे त्या आकाशी वाद्याचंच दुखणं, पण सौम्य. तरी मी हेच घेतलं, कारण एव्हाना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती: कोणतं दुखणं बरं होतं आणि कोणतं नाही. नटची खाच उंच असेल तर घासता येते. घोडी चुकीच्या जागी चिकटलेली असेल किंवा पडदेच सरकलेले असतील, तर पाच-सहा हजारांच्या वाद्यासाठी कोण ते उखडत बसणार? घासाघीस करून 3,700 ला पिशवीसह मिळालं. क्लिपचा ट्यूनर 350. मुलगा स्वतःहून म्हणाला, तारा बदला, फरक पडेल. अक्विला या इटालियन कंपनीच्या नायलगट तारा सहाशेला दिल्या.

नट घासून घ्यायला शनिवार पेठेतल्या एका बोळात गेलो. पेट्या, तंबोरे दुरुस्त करणारे काका, मूळचे मिरजेचे. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण भिंतीवर लावलेलं.) त्यांनी युकुलेले हातात धरून उलटसुलट केलं आणि विचारलं, "लहान मुलाचं का, ताई?" माझं म्हटल्यावर गप्प झाले.

"आधी नव्या तारा चढवू," म्हणाले. "खाच तारेच्या जाडीची लागते. जुन्या तारेवर घासलं आणि तुम्ही जाड तार घातलीत तर अडकेल, बारीक घातलीत तर खेळेल." मग दाताच्या ब्रशएवढी बारीक कानस काढली. तार सैल करून बाजूला सरकवायची, खाचेत कानस दोनदा फिरवायची, तार परत बसवायची, लावायची, पहिला पडदा दाबून ऐकायचं. पुन्हा. एका वेळी दोनच घास, तिसरा नाही. "घासणं सोपं, परत भरणं अवघड. खाली गेली की मोकळी तारच भणभणेल." चार तारांना पाऊण तास. खाचेचा उतार त्यांनी खुंट्यांच्या बाजूला ठेवला, म्हणजे तार पडद्यांच्या बाजूच्या कडेवरच टेकते. तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढायची, त्यापुढे हे काहीच नाही, असंही ऐकवलं. दोनशे रुपये घेतले.

एकूण 4,850. उरलेल्या दीडशेत दोघींना मिसळ येईल असं वाटलं होतं. आली नाही, वरचे सासूबाईंनी भरले.

पहिला आठवडा वैतागाचा. नव्या तारा ताणत राहतात, सकाळी लावलं की संध्याकाळी सगळं उतरलेलं. वाद्य खराब निघालं या भीतीने मी दोनदा ट्यूनरची बॅटरी बदलली. आठ-दहा दिवसांत तारा बसल्या. पहिला कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) सी, एका बोटाचा: ध च्या तारेवर तिसरा पडदा. सासूबाईंनी लगेच फोड केली, प सा ग आणि वरचा सा. एका बोटात! मग ए मायनर, एफ आणि जी सेव्हन. या चारांवर मी महिना काढला. लेक म्हणते, आई एकच गाणं चार नावांनी वाजवते.

सासूबाईंना आता साथ हवी आहे. त्यांची पट्टी काळी चार. मी पांढरी एकमध्ये वाजवायला लागले की त्या दोन ओळी गातात आणि घसा धरून थांबतात. बसून हिशोब केला तेव्हा लक्षात आलं, जी च्या घरातले कॉर्ड, म्हणजे पांढरी पाच, आणि पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, की झाली काळी चार. गिटारचा कॅपो या मानेला जड होतो, युकुलेलेचा छोटा वेगळा मिळतो. शनिवारी पुन्हा मंडईला उतरायचं आहे. सासूबाईंनी कार्डं आजच माझ्या पर्समध्ये घालून ठेवलीत, चपलांच्या दुकानाचं धरून.