तुम्ही विचारलंत म्हणून: जागा बदलली की माझं नेट का जातं

ऑफिसातली पोरं विचारतात, भाचा विचारतो, गेल्या गणपतीत आरतीची वाट बघता बघता साडूनेही विचारलं. "जागा बदलली की तुमच्या लॅपटॉपचं नेट का जातं? आमचं नाही जात." माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे, तेव्हा मी "लिनक्स आहे ना" म्हणून हसतो. ते उत्तर खोटं आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी माझी बाजू. लॅपटॉपला एका वेळी वायर, वायफाय, फोन अशा दोन-तीन वाटा असू शकतात. बाहेर कुठल्या वाटेने जायचं हे मेट्रिक नावाच्या आकड्यावर ठरतं, आणि लहान आकडा जिंकतो. नेटवर्कमॅनेजर, म्हणजे लिनक्सवर जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम, वायरला 100 देतो, वायफायला 600. विंडोजही साधारण असंच करतं, वेगवान जोडणीला पहिला मान. तेव्हा "आमचं नाही जात" म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी माझ्याबरोबर चाकणला यायला हवं होतं.

एका कारखान्यात डेमो होता. मशीनची आकडेवारी वायरने घ्यायची आणि माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून आमच्या सर्व्हरला पाठवायची, कारण शॉपफ्लोरच्या लॅनला, म्हणजे तिथल्या आतल्या नेटवर्कला, इंटरनेट नव्हतं. वायर लावली की मशीन दिसे, सर्व्हर गायब. वायर काढली की उलटं. लॅनने पत्त्याबरोबर गेटवेही, म्हणजे बाहेर जायचा दरवाजाही, दिला होता, तो 100 वाला, आणि त्या गेटवेच्या पलीकडे भिंत. 'आयपी रूट' (वाटांची यादी दाखवणारी आज्ञा) एवढं टाइप केलं असतं तर दोन 'डिफॉल्ट' ओळी, म्हणजे बाहेर जायच्या दोन वाटा, एकाखाली एक दिसल्या असत्या. केलं नाही. आमचे साहेब, प्लान्ट हेड आणि त्यांचे दोघे पाठीशी उभे होते, आणि पाठीशी कोणी उभं राहिलं की माझे हात डोक्याच्या आधी चालतात.

हातांनी ठरवलं की डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा, घोळ आहे. तिथल्या आयटीच्या मुलाकडून त्यांच्या डीएनएसचा पत्ता घेतला आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या, तो पत्ता ठेवणाऱ्या फाइलीत लिहिला. हॉटस्पॉट पुन्हा जोडला की नेटवर्कमॅनेजर तो पुसून टाके. दोनदा लिहिला, दोनदा पुसला. तिसऱ्यांदा चिडून 'चॅटर प्लस आय' ही आज्ञा मारून फाइलीला कुलूपच घातलं. आता रूटलाही, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही, ती बदलता येणार नव्हती. डेमो पडायचा तो पडलाच. नाशिक फाट्यापर्यंत गाडीत साहेब एक शब्द बोलले नाहीत.

त्याच रात्री मुलीच्या अकरावीच्या अर्जाची मुदत संपत होती आणि गुणपत्रिकेचे स्कॅन माझ्या लॅपटॉपवर. घरचं वायफाय जोडलेलं, गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला पिंग जातोय, म्हणजे नेट आहे, आणि पान एकही उघडत नाही. राऊटर तीनदा बंद-चालू केला. सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसावर फोनवर ओरडलो, त्या बिचाऱ्याची काहीएक चूक नसताना. घरात बसून माझा लॅपटॉप प्रत्येक नावाचा पत्ता चाकणच्या त्या डीएनएसला विचारत होता, जिथे घरून पोचताच येत नव्हतं, आणि कुलूप मीच घातलंय हे मला साडेअकरापर्यंत आठवलं नाही. तोवर मुलीने पेन ड्राइव्ह शेजारी नेऊन, त्यांच्या लॅपटॉपवरून घाईघाईत अर्ज भरला होता. पसंतीक्रमात दोन कॉलेजं खालीवर झाली. त्यावर ती आता काही बोलत नाही. मीही नाही.

यात लिनक्सचा दोष किती? नेटवर्कमॅनेजर त्याचं काम करत होता, आडवा मी आलो. 2004 मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने तो आणला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. माझ्याकडे जागेप्रमाणे नेट जोडणाऱ्या 'घर' आणि 'ऑफिस' अशा दोन स्क्रिप्ट होत्या आणि त्यांचा मला कोण अभिमान! डेबियन या लिनक्सच्या प्रकारात इंटरफेसेस फाइलीत नेटवर्क कार्डाचं नाव असलं की नेटवर्कमॅनेजर त्याला हात लावत नाही, म्हणून ती ओळ मी वर्षानुवर्षं मुद्दाम ठेवली. काय चाललंय ते आपल्याला कळलं पाहिजे, असं तेव्हाचा मी सगळ्यांना ऐकवायचा. अरे बाबा, चाकणला कळत होतं का तुला? पण नुसत्या चिन्हावर टिचकी मारणाऱ्यालाही तिथे काय कळलं असतं? तेव्हाचा मी आणि आताचा मी, आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

इलाज एका ओळीचा निघाला. कारखान्याच्या वायरच्या जोडणीला 'नेव्हर-डिफॉल्ट' लावायचं, म्हणजे ती फक्त आपल्या लॅनपुरती राहते. पुढच्या आठवड्यात लावून ठेवलं. डेमो पुन्हा मिळाला नाही.

एवढं शिकूनही परवा फोन यूएसबीने चार्जिंगला लावला, टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू राहिलं होतं. लॅपटॉपने त्याला वायरच मानलं आणि घरचं वायफाय सोडून फोनचा दिवसाचा दीड जीबी अपडेटमध्ये संपवला. म्हणून फोनचं मेट्रिक 700 केलं. मग गावी गेलो. तिथलं वायफाय जोडलेलं दिसतं, पुढे नेट नसतं. फोन जोडून बसलो तर लॅपटॉप इमानाने त्या मेलेल्या वायफायलाच चिकटून. शेवटी वायफाय बंद केलं. हाताने.