अंगणातला मोठा बंब

पहिल्याच हिवाळ्यात, डिसेंबरच्या मध्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला अंगणातल्या बर्फावर एक ओली, काळपट रेघ दिसली. घर तापवण्यासाठी अंगणात बसवलेल्या लाकडाच्या भट्टीपासून निघून ती सरळ आमच्या तळघराच्या भिंतीपर्यंत आली होती. तिच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर बर्फ साठलेला होता आणि त्या रेघेवर मात्र पिवळे पडलेले गवत उघडे दिसत होते. रेघेखाली, जमिनीत, गरम पाण्याच्या नळ्या होत्या. घरासाठी जाळलेल्या लाकडाची ऊब आम्ही त्या नळ्यांवाटे जमिनीला देत होतो. घराबाहेर लाकडाची भट्टी बसवण्याचा विचार करणाऱ्यांना मला मनापासून सांगावेसे वाटते ते एवढेच, की भट्टीची निवड करण्यात जितके महिने घालवाल, तितकाच विचार जमिनीतल्या नळ्यांचा आणि लाकडातल्या ओलीचा करा.

आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅक पर्वतांच्या पायथ्याशी राहतो. जानेवारीत पारा शून्याखाली २५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे इथे नवलाचे नाही. आमच्या रस्त्यावर नैसर्गिक वायूची वाहिनी आलेली नाही, त्यामुळे घर तापवायला तेल, प्रोपेन, वीज किंवा लाकूड एवढेच मार्ग उरतात. जुन्या घराच्या तळघरात तेलावर चालणारा बॉयलर होता आणि त्याचे गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या बिडाच्या रेडिएटरांमधून फिरत असे. घरामागे आमच्याच मालकीचे थोडे रान आहे, आणि त्या रानातली ॲश जातीची झाडे एकामागून एक वाळत चालली होती.

या झाडांना मारणारा हिरवा, चकाकणारा भुंगा आशियातून आलेला आहे. अमेरिकेत तो २००२ साली मिशिगनमध्ये प्रथम सापडला आणि २००९ साली आमच्या राज्यात आढळला. त्याच्या अळ्या सालीखालचा जिवंत थर खातात. वाळलेल्या झाडाची साल हाताने ओढली की ती सपकन सुटते आणि आतल्या पांढऱ्या लाकडावर कोणी बोटाने रांगोळी ओढावी तशा नागमोडी चरी दिसतात. लाकडाबरोबर कीड पसरू नये म्हणून आमच्या राज्यात प्रक्रिया न केलेले सरपण ५० मैलांपेक्षा दूर नेण्यास बंदी आहे. मेलेले झाड जिथे पडले तिथेच कामी आणावे हे त्यामुळे आम्हाला योग्य वाटले. एक सावधगिरीची सूचना मात्र द्यायलाच हवी: उभ्या वाळलेल्या ॲशचे लाकूड ठिसूळ होते आणि वरच्या फांद्या अचानक तुटून पडतात, म्हणून झाडे पाडण्याचे काम आम्ही जाणत्या माणसाकडे सोपवले आणि आमच्याकडे फक्त ओंडके कापणे व फोडणे ठेवले.

भट्टी बसली त्या वर्षी आई साताऱ्याहून इथे आली होती. तिने शाल गुंडाळून अंगणात जाऊन दार उघडून आत पाहिले आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला बंबच की! खोलीएवढा केलाय इतकंच." तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. आमच्या परसातल्या तांब्याच्या बंबात मधोमध नळकांडे होते, त्यात खाली जाळीवर चिपाडे आणि गोवऱ्या पेटायच्या, भोवतीचे पाणी तापायचे आणि ते तोटीतून बादलीत यायचे. या भट्टीतही आगीच्या पेटीभोवती पाणीच असते. फरक एवढा, की हे तापलेले पाणी पंपाने जमिनीखालून घरात जाते, आपली उष्णता तिथे सोडते आणि पुन्हा तापायला भट्टीकडे परत येते. टाकी वरून हवेला मोकळी असल्यामुळे तिच्यात दाब साठत नाही. लाकडाचा कचरा, धूर, राख आणि आगीचा धोका हे सगळे घराबाहेर राहते, हा या पद्धतीचा खरा गुण आहे.

धुराबद्दल मात्र प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांमध्ये पाणी पुरेसे तापले की हवा बंद होते आणि लाकूड तासन्‌तास नुसते धुमसत राहते. तो दाट, कडवट धूर बुटक्या धुराड्यातून निघून शेजाऱ्यांच्या खिडक्यांशी रेंगाळतो. अशा धुराने माणसांना खरोखर त्रास झालेला आहे आणि म्हणूनच कायदे आले. आमच्या राज्याने २०११ साली नियम केले, त्यांनुसार घरगुती वापराची नवी भट्टी शेजारच्या हद्दीपासून किमान १०० फूट आत आणि धुराडे जमिनीपासून किमान १८ फूट उंच असावे लागते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नियम २०१५ मध्ये आले आणि १५ मे २०२० पासून ते आणखी कडक झाले. आम्ही घेतलेल्या भट्टीत लाकडातून निघणारा वायू खालच्या कप्प्यात ओढून पुन्हा जाळला जातो, त्यामुळे ती चांगली पेटल्यावर धुराड्याच्या तोंडाशी नुसती थरथरणारी गरम हवा दिसते. नियमात बसत असले तरी आम्ही आधी शेजारच्या शेतकरी दांपत्याकडे जाऊन नकाशा दाखवला आणि वारा बहुधा कोणत्या बाजूने वाहतो ते त्यांनाच विचारले. त्यांच्या सांगण्यावरून भट्टीची जागा ४० फूट पूर्वेला सरकवली. पुढे दोन्ही घरांत जी शांतता राहिली तिचे श्रेय मी त्या एका संध्याकाळच्या भेटीला देते.

नगरपालिकेचा परवाना, विमा कंपनीला लेखी कळवणे आणि खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांवर खुणा करून घेणे, ही तीन कामे कंटाळवाणी असली तरी टाळू नयेत. काँक्रीटचा ओटा एका दिवसात झाला.

आता त्या काळ्या रेघेकडे येते. भट्टीपासून घरापर्यंत १५० फूट अंतर होते. नळ्या बसवणाऱ्याने सुचवलेली सगळ्यांत स्वस्त जोडनळी आम्ही घेतली: पेक्स नावाच्या, गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या दोन नळ्या, त्यांच्याभोवती चकचकीत फुगेवाल्या कागदाचे वेटोळे आणि बाहेरून काळे, वळ्यावळ्यांचे प्लास्टिकचे कवच. आमची जमीन चिकणमातीची आहे आणि शरद ऋतूतल्या पावसाचे पाणी चरात साठून राहते, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. सांध्यातून पाणी कवचात शिरले आणि गरम नळ्या अक्षरशः थंड पाण्यात पडून राहिल्या. रेघ दिसली त्या दिवशी मी दोन्ही टोकांना तापमापक लावले. भट्टीतून पाणी १८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ८२ अंश सेल्सिअसला निघत होते आणि तळघरात १७३ अंशांना पोचत होते.

सात अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण पंप मिनिटाला ८ गॅलन पाणी फिरवत होता. मिनिटाला एक गॅलन पाणी फिरत असताना त्यात एक अंश फरक पडला, तर तासाला सुमारे ५०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे इथले एकक) उष्णता जाते, हा इथल्या नळकाम करणाऱ्यांचा रोजचा हिशेब आहे. त्या हिशेबाने आम्ही तासाला २८,००० बीटीयू मातीत घालवत होतो, म्हणजे महिन्याला सुमारे दोन कोटी. एक कॉर्ड लाकूड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब रचलेला ढीग. चांगल्या वाळलेल्या ॲशच्या अशा ढिगात सुमारे २.४ कोटी बीटीयू असतात आणि त्यातले ७० टक्के पाण्यात उतरले तर खूप झाले. दर महिन्याला एका कॉर्डहून अधिक लाकूड आम्ही कापत, फोडत, वाहत होतो आणि त्याने गवत उबवत होतो. ज्या कामात माणसाचे स्वतःचे खांदे आणि पाठ झिजते, त्या कामातली अशी नासाडी सोसवत नाही.

बर्फ वितळल्यावर आम्ही संपूर्ण चर पुन्हा खणला. या वेळी ज्या नळ्यांभोवती बंद कप्प्यांचा पॉलियुरेथेन फोम घट्ट भरलेला असतो अशी जोडनळी आणली. तिची किंमत आधीच्या नळीच्या दुपटीहून अधिक होती. चराला घरापासून दूर उतार दिला, तळाशी खडी पसरली आणि साठणारे पाणी निघून जाण्यासाठी छिद्रांची वेगळी नळी टाकली. पुढच्या हिवाळ्यात दोन टोकांमधला फरक एका अंशाच्या आसपास राहिला, आणि फेब्रुवारीत चर नेमका कुठून गेला आहे ते बर्फाकडे पाहून सांगता येत नव्हते.

घरातली जोडणी त्या मानाने सोपी होती. भट्टीचे पाणी आणि रेडिएटरांचे दाबाखालचे पाणी एकमेकांत मिसळू द्यायचे नसते, म्हणून मध्ये पोलादी पत्र्यांचा हीट एक्स्चेंजर बसवला. एका पत्र्याच्या दोन बाजूंनी दोन पाणी वाहतात आणि फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. तेलाचा बॉयलर आम्ही काढला नाही. आम्ही गावाला गेलो किंवा आजारी पडलो तर तो आपोआप सुरू होतो. परतणारे पाणी १४० अंश फॅरनहाइटपेक्षा थंड होऊ नये यासाठी एक झडप आहे, कारण तसे झाले तर आगीच्या पेटीच्या भिंतींना ओल धरते, चिकट काजळी साठते आणि पत्रा गंजतो. पंप आणि पंखा विजेवर चालतात, आणि बर्फाच्या वादळात इथे वीज हमखास जाते. छोटा जनरेटर ही त्यामुळे चैन नाही, गरज आहे.

लाकडाबद्दल आईचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा निघाला. दोन ढलपे एकमेकांवर आपटून ती सांगायची, "हे वाळलंय, हे ओलं आहे." वाळलेले खणकन वाजते, ओले बद्द वाजते. मी नुकत्याच फोडलेल्या बाजूवर ओलावामापकाच्या दोन सुया टोचून आकडा पाहायची, आणि बहुतेक वेळा तिचेच बरोबर असायचे. आकडा २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड या भट्टीत घालू नये, कारण ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच जाते, दुसऱ्या कप्प्यातली आग विझते आणि मग धूर होतोच. ॲश एका उन्हाळ्यात वाळते, ओकला दोन लागतात. आमची लाकडाची वखार वरून झाकलेली आणि चारही बाजूंनी मोकळी आहे, जेणेकरून वारा आरपार जाईल. गेल्या हिवाळ्यात नऊ कॉर्ड लागले. एका कॉर्डने साधारण १४० गॅलन तेल वाचते असा माझा हिशेब आहे.

दिवसातून दोनदा लाकूड भरावे लागते. दार एकदम कधीही उघडायचे नाही: आधी धुराड्याकडची वाट मोकळी करायची, दार बोटभर उघडून मिनिटभर थांबायचे, साठलेला वायू निघून गेल्यावरच पूर्ण उघडायचे आणि तेही चेहरा बाजूला ठेवून. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरापासून दूर ठेवावी, कारण वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे काही दिवससुद्धा जिवंत राहतात.

मे महिन्यात आग विझवली की मी पेटीतली सगळी राख खरवडून काढते, कारण उन्हाळ्याच्या दमट हवेत राख ओल धरते आणि पत्रा खाते. पाणी मात्र काढत नाही. गंजरोधक औषध मिसळलेले ते पाणी वर्षभर टाकीत राहू देते आणि त्याचा नमुना बाटलीत भरून तपासणीला पाठवते. धुराड्यावर टोपी बसवते आणि त्याच आठवड्यात पुढच्या वर्षीच्या लाकडाची पहिली थप्पी रचायला घेते.